धुतलेले व्हॉल्व्ह

कर्वेनगरात खोली शोधताना मला कुणी नाव विचारलं नाही. नाव मी आपणहून सांगायचे. समोरचा माणूस ते ऐकायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "पुढे?" पुढे म्हणजे आडनाव. त्या "पुढे?"चा मला इतका राग आहे की आजही एखाद्या दुकानात पावती करताना कुणी सहज विचारलं तरी माझ्या कपाळाला आठी पडते. आता वाघोलीत माझा स्वतःचा फ्लॅट आहे आणि दारावर माझं आडनाव लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत आहे. ते मी मुद्दाम तसं करून घेतलंय.

मी नागपूरहून पुण्यात आले तेव्हा इथे प्रत्येक चौकात कॉम्प्युटरचा क्लास निघत होता. बारावी नापास झालेल्या पोरापासून निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकापर्यंत सगळे अमेरिकेची भाषा करत होते. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता. दिवसभर मी डेक्कनजवळच्या एका लहान कंपनीत बिघडलेले मॉनिटर दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी कर्वेनगरातल्या एका क्लासला प्रोग्रामिंग शिकायला जायचे. परीक्षा झाली की सॉफ्टवेअरमध्ये उडी मारायची, एवढाच बेत होता. क्लास सुटायच्या वेळी बसचा भरवसा नसायचा, म्हणून चालत जाता येईल अशी खोली हवी होती. खोली टिकली तर कोर्स टिकणार होता, आणि कोर्स टिकला तर मॉनिटरच्या धुळीतून माझी सुटका होणार होती. हे मला नीट माहीत होतं, म्हणून मी पुढचं बरंच काही ऐकून घेतलं.

खोली मिळाली ती एका बंगलीच्या वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून. घरमालक सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. माणूस उंच, स्वच्छ, आणि इतका मर्यादशील की त्यांनी केलेला अपमान कुठे सुरू झाला ते कळायला वेळ लागायचा. त्यांनीही "पुढे?" विचारलं. माझं आडनाव असं आहे की ते ब्राह्मणांत सापडतं, इतर दोन-चार जातींत सापडतं आणि आमच्या बौद्धांतही सापडतं. ते ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे तुमचे पूर्वज इकडून तिकडे गेलेले," ते म्हणाले.

"आम्ही नागपूरचेच," मी म्हणाले.

"असं कसं? मूळ इकडचंच असणार."

आणि त्यांनी माझं मूळ ठरवून टाकलं. मी खोटं बोलले नाही. त्यांनी मला जात विचारली नाही, कारण ती विचारणं सुसंस्कृत माणसाला शोभत नाही. त्यांनी ती अंदाजाने काढली आणि चुकीची काढली. तो अंदाज दुरुस्त करणं हे माझं काम नव्हतं.

त्यांच्या लेखी जात बरोबर असूनही त्यांनी मला सुखाने राहू दिलं असं नाही. "जिना हळू उतरलात तर तो कोसळत नाही." "नळ बंद केल्यावर तो बंद झालाय का हे बघायची पद्धत नागपुरात नसावी." "आपण दार लावलंत का आपटलंत, एवढंच विचारतोय." मला ते कायम अहो-जाहो करायचे, आणि त्या अहो-जाहोने अंगाची लाही लाही व्हायची. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कमी बोलायच्या. पण सकाळी जिन्यावरून हाक मारून कपभर चहा द्यायच्या, हे मात्र मान्य करायला हवं.

खाली दिवाणखान्यात एक रेडिओ होता. जुना, लाकडी, पुढे सोनेरी कापड, खाली हस्तिदंती रंगाची मोठी बटणं, आणि स्टेशन नीट लागलं की आकसणारा एक हिरवा डोळा. घरमालकांच्या वडिलांनी घेतलेला. कित्येक वर्षं तो बंद होता आणि त्याच्यावर विणलेला रुमाल आणि फुलदाणी होती. मग अमेरिकेतल्या मुलाचा फोन आला. दिवाळीला तो येणार होता आणि जाताना आजोबांचा रेडिओ बरोबर नेणार होता, तिकडच्या नव्या घरात मांडायला. पण चालू स्थितीत हवा. "वर्किंग कंडिशन," घरमालक काकूंना दिवसभर सांगत होते, जणू ती मुलाला मिळालेली पदवी होती.

नवरात्र चालू होतं. त्या घरात खंडेनवमीला सगळ्या उपकरणांची पूजा व्हायची. पक्कड, हातोडी, विळी, शिवणयंत्र, स्कूटर, आणि त्या वर्षी मुलाच्या मानाचा म्हणून रेडिओ. पूजेला मांडायची वस्तू स्वच्छ हवी. घरमालकांनी मागचं झाकण उघडलं, आतले सहा व्हॉल्व्ह उपटून काढले आणि साबणाच्या पाण्यात घालून फडक्याने चोळून पुसले. ज्यांनी कधी व्हॉल्व्ह पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: हा काचेचा बोटभर लांबीचा बंद डबा, खाली पिना आणि आत धातूच्या बारीक जाळ्या आणि पत्रे. रेडिओचं सगळं काम हेच करतात. प्रत्येकाचं काम वेगळं. कोण कुठलं काम करतो हे काचेवर छापलेल्या नंबरावरून कळतं, आणि ती छपाई इतकी कच्ची असते की ओल्या फडक्याने निघून जाते. ती निघाली. सहाही व्हॉल्व्ह लख्ख झाले आणि सहाही निनावी झाले.

त्यात भर म्हणजे त्या रेडिओतल्या प्रत्येक व्हॉल्व्हला नऊच पिना. कुठलाही कुठेही बसतो. घरमालकांनी ते बसतील तसे बसवले आणि बटण फिरवलं. क्षणभर काही झालं नाही, मग जळका वास आला आणि मागून धूर निघाला.

ते रेडिओ रिक्षात घालून मंडईच्या मागच्या बाजूला एका मेकॅनिककडे घेऊन गेले. तो झाकण उघडून म्हणाला, "नंबर कुठंयत? आंघोळ घातली का काय यांना?" आणि रेडिओ परत दिला. हे मला जिन्यातून ऐकू आलं, कारण घरमालक ते काकूंना सांगताना घर डोक्यावर घेत होते. त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याच पद्धतीचं उत्तर दिलं होतं. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं.

"अहो, तुमचं ते इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे नक्की काय असतं? त्यात हे येतं का?"

येत होतं. आमच्या नागपूरच्या कॉलेजचा अभ्यासक्रम जगाच्या फार मागे होता. बाहेर लोक चिप बसवत होते आणि आम्ही प्रयोगशाळेत व्हॉल्व्हचे आलेख काढत होतो. तेव्हा मी त्या अभ्यासक्रमाला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. आता तोच उपयोगी पडणार होता. मी हो म्हणाले ते रेडिओच्या प्रेमाने नाही. घरमालकांवर एक उपकार करून ठेवला तर परीक्षेपर्यंत मला कुणी हलवणार नाही, असा साधा हिशेब होता.

जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून मी सहाही व्हॉल्व्ह ओळीने ठेवले. घरमालक समोर बसले, हातात पेपर वाचायचं भिंग घेऊन. मी काम करणार आणि ते देखरेख करणार, हे न बोलता ठरलं.

छपाई गेली तरी काचेवर तिचा माग राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही. पण आरशावर आपण "हा" करतो तशी तोंडाची वाफ सोडली, की जिथे शाई होती तिथे वाफ वेगळी धरते आणि नंबर क्षणभर वर येतो. लगेच वाचावा लागतो, कारण वाफ उडाली की तोही जातो. मी पहिला व्हॉल्व्ह तोंडाजवळ नेला.

"अहो, हे काय करताय?" घरमालक जवळजवळ उठलेच. "पूजेला मांडायचाय तो!"

"वाफ सोडते. नंबर दिसेल."

"तोंडाची वाफ?"

"दुसरी कुठली आणू?"

त्यांनी काकूंकडे पाहिलं. मग ते स्वतःशीच विचार करून म्हणाले, "बरं. करा. तुम्ही काय, आपल्यातल्याच आहात. चालेल."

मी व्हॉल्व्हवर वाफ सोडली.

काच पांढुरकी झाली आणि त्या पांढऱ्यात अक्षरं उमटली. घरमालकांनी भिंग पुढे केलं आणि पोरासारखे ओरडले, "ई! सी! एच! एक्क्याऐंशी!" मी तो बाजूला ठेवला. हा स्टेशन पकडणारा. पुढचा उचलला, पुन्हा वाफ. "ई एफ... अहो, गेला! परत करा, परत!" मी परत केली. खरं सांगायचं तर त्या तासाभरात आमचं बरं जमलं. मी वाफ सोडायची, त्यांनी वाचायचं. त्यांना टोमणा मारायला वेळच नव्हता. दोन व्हॉल्व्हवरचा माग फारच पुसट होता, ते मी आतल्या रचनेवरून ओळखले. सहावा व्हॉल्व्ह म्हणजे तो हिरवा डोळा, त्याचा तर प्रश्नच नव्हता, तो तोंडावरूनच कळतो.

धुराचं कारणही सापडलं. विजेचा प्रवाह सरळ करून देणारा व्हॉल्व्ह त्यांनी आवाज मोठा करणाऱ्याच्या जागी बसवला होता. त्या जागेचा एक रेझिस्टर जळून काळा पडला होता. तो बदलला. व्हॉल्व्ह आपापल्या जागी बसवले. खात्री नव्हती म्हणून रेडिओच्या वायरीत मध्ये एक साधा बल्ब जोडला, म्हणजे काही चुकलं तर बल्ब भगभगून पेटतो आणि रेडिओ वाचतो. बल्ब मंद लागला. व्हॉल्व्ह तांबूस झाले, हिरवा डोळा उघडला, घरघर आली, आणि त्या घरघरीतून एक बाई बाजरीचा भाव सांगू लागली. काकू ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"नंबर लिहून चिकटवून ठेवू का?" मी विचारलं. "परत काढायची वेळ आली तर?"

"नको. चिठ्ठ्या लावलेल्या बऱ्या दिसत नाहीत," घरमालक म्हणाले. "आणि आता कोण काढतंय?"

खंडेनवमीला रेडिओला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. दुसऱ्या दिवशी दसरा. घरमालकांनी मला खाली बोलावून हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोन्यासारख्या राहा," म्हणाले. मीही नमस्कार केला. मला वाटलं, झालं आपलं काम.

आमच्या घरी तो दिवस वेगळ्या कारणाने मोठा. विजयादशमीला आमच्या माणसांनी बौद्ध धम्म स्वीकारला, म्हणून बाबा दरवर्षी पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जायचे आणि तिथून आले की एसटीडी बूथवरून मला फोन करायचे. माझ्याकडे फोन नव्हता. नंबर घरमालकांचाच दिला होता. बाबा आयुष्यभर, फोन उचलला काय किंवा केला काय, आधी एकच गोष्ट म्हणत आले. समोर साहेब असो की दूधवाला, त्यात फरक नाही. मी त्यांना कधी तसं बोलू नका म्हणून सांगितलं नाही, आणि आजही सांगणार नाही.

मी तिथेच उभी होते. हातात पान होतं. फोन वाजला. घरमालकांनी उचलला.

"हॅलो... कोण?... काय म्हणालात?"

मग ते थांबले. पलीकडून बाबांनी तेच पुन्हा म्हटलं असणार, मोठ्याने, कारण रिसिव्हरमधून मलाही ऐकू आलं. "जय भीम! जरा पोरीले बोलवता का?"

एरवी ते "तुमचा फोन आहे हो" म्हणून रिसिव्हर माझ्या हातात द्यायचे. त्या दिवशी त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले.

"कोन होता वं?" बाबा विचारत होते. "घरमालक होय का? मी जय भीम केला त्याईले. बोललेच नाई काही. चांगले हायेत ना लोक?"

"हो बाबा. चांगले आहेत."

मी रिसिव्हर खाली ठेवून वळले तेव्हा घरमालक तिथे नव्हते. रेडिओ बंद केलेला होता.

सकाळचा चहा दुसऱ्या दिवसापासून थांबला. दोन दिवसांनी घरमालक जिन्याच्या तळाशी उभे राहिले. वर आले नाहीत.

"दिवाळीला चिरंजीव येताहेत. दिवाळी झाली की खोली लागेल आम्हाला. एक तारखेला रिकामी केलीत तर बरं."

"खाली दोन खोल्या मोकळ्या आहेत ना?"

"आमच्या घरात किती खोल्या मोकळ्या आहेत याची आपण काळजी करू नये."

"माझी परीक्षा आहे, काका. परीक्षा झाली की जाते. तेवढं थांबा."

"तुमची अडचण मला समजते. आमचीही अडचण आपण समजून घ्या." आणि वर, अगदी सौजन्याने, "नीट सांगितलं असतं सुरुवातीलाच तर हा त्रास कुणालाच झाला नसता."

काय सांगितलं असतं, ते त्यांनी उच्चारलं नाही. जीभ विटाळली असती. मला त्या माणसाची इतकी चीड आली की वर येऊन मी भिंतीवर चप्पल फेकून मारली. मग चप्पल कुठे लागली ते पाहिलं, कारण भिंत खराब झाली असती तर त्यावरूनही मला ऐकून घ्यावं लागलं असतं.

पुन्हा खोल्या शोधणं सुरू झालं. पुन्हा तेच "पुढे?" सणाच्या दिवसांत तर लोक दारातूनच बोळवण करतात. परिचितांत एका मैत्रिणीची जागा होती, पण ती वाघोलीला. तिथून डेक्कन, डेक्कनहून क्लास, आणि क्लास सुटल्यावर परत वाघोली. तेव्हाची वाघोली म्हणजे नगर रस्त्यावरचं गावच. ती खोली घेणं म्हणजे क्लास सोडणं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. काकूंनी चिवड्याचे पातळ पोहे चादरीवर उन्हात पसरले होते. त्यांच्या शेजारी एक पांढरा पंचा, आणि पंच्यावर सहा व्हॉल्व्ह.

मी खाली बसून एक उचलला. काच कधी नव्हती एवढी चमकत होती. पंच्याला रांगोळीचे पांढरे कण लागले होते. घासले होते. नुसते धुतले नव्हते, रांगोळीने घासले होते, जसं तांब्याचं भांडं घासतात तसं. मी वाफ सोडून पाहिली. काच सगळीकडे सारखीच पांढरी झाली. काही उमटलं नाही. दुसरा घेतला. त्यावरही काही नाही. ज्या ज्या काचेवर माझ्या तोंडाची वाफ गेली होती, ती ती काच त्यांनी घासून काढली होती.

पाठीमागे घरमालक आले. हातात कुंड्यांना घालायचं पाणी.

"हे काय आहे, काका?"

"धूळ बसली होती."

"दसऱ्यापासून?"

"पुणं आहे. बसते धूळ."

"आता कुठला कुठे बसवणार?"

"मी ओळीने ठेवले आहेत," ते म्हणाले. व्हॉल्व्ह पंच्यावर कुठेही घरंगळले होते. त्यांनी तिकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या व्हॉल्व्हकडे. माझ्या हातात तो आहे हे त्यांना सहन होत नव्हतं आणि "खाली ठेवा" म्हणता येत नव्हतं. मी तो सावकाश ठेवला. मग वाटलं, एवढ्यासाठी एक अख्खा रेडिओ मारला या माणसाने. स्वतःच्या बापाचा.

मुलगा आला. चांगला दिसणारा, गोड बोलणारा, पांढरे बूट. खालून घरघर ऐकू आली, फटकन आवाज आला, मग शांतता. पाडव्याला दुपारी तो माझ्या दारात आला.

"हाय. सॉरी हं, डिस्टर्ब करतोय. बाबा म्हणाले लास्ट टाइम रेडिओ तुम्हीच फिक्स केला होता. आता बंद पडलाय. एकदा बघाल का?"

"कशामुळे बंद पडला ते सांगितलं का बाबांनी?"

"काहीतरी डस्टमुळे म्हणाले."

मी त्याला सगळं सांगितलं. वाफ, फोन, रांगोळी, एक तारीख. आवाज चढवला नाही. त्याचा चेहरा लाल झाला, त्याने केसांतून हात फिरवला.

"ओ गॉड. बाबा ना... आय ॲम सो सॉरी. आय मीन, मी असलं काही मानत नाही. आमच्या ऑफिसात तर सगळेच... इट्स जस्ट नॉट अ थिंग."

"तुम्ही मानत नाही हे चांगलं आहे. मला परीक्षेपर्यंत खोली हवी आहे. तेवढं करा, मी रेडिओ करून देते."

"ऑफ कोर्स! मी बोलतो बाबांशी. तुम्ही राहा निवांत. नो इश्यूज."

मी पक्कड आणि बल्ब घेऊन खाली गेले. घरमालक खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. मी आले तरी पान हललं नाही. मुलगा व्हिडिओ कॅमेरा घेऊन मागे उभा राहिला. त्याला तिकडच्या मित्रांना दाखवायचं होतं.

उडालेला फ्यूज बदलला. सहाही व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवले. या वेळी वाफेचा उपयोग नव्हता. नंबर कायमचा गेला की एकच उरतं, उजेडाकडे धरून आत काय आहे ते बघायचं. मी एकेक उचलत गेले आणि मोठ्याने बोलत गेले, वर्तमानपत्राला ऐकू जाईल असं.

"याची आतली रचना सगळ्यात जाड. पत्रा उंच आणि काळा. हा आवाज मोठा करणारा. याच्यात जाळी नाही, नुसते दोन पत्रे, म्हणजे हा वीज सरळ करणारा. मागच्या वेळी यानेच धूर काढला होता. हा दुमजली आहे, वर एक रचना, खाली एक. हा स्टेशन पकडतो. याला आतच, पत्र्यांभोवती तारेचा पिंजरा. आणि हा उरलेला, लहान चणीचा, खाली दोन चिमुकल्या पट्ट्या. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. सगळ्यांना नऊच पिना."

पान उलटल्याचा आवाज झाला.

बसवले. बल्ब मंद लागला. वेळ गेला तसा हिरवा डोळा उघडला आणि घरघरीतून दुपारच्या बातम्या सुरू झाल्या. मुलगा "वॉव! वॉव!" करत कॅमेरा जवळ आणत होता. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले, मला वाटतं सासऱ्यांच्या आठवणीने. घरमालकांनी वर्तमानपत्र खाली केलं. तो आवाज त्यांच्या लहानपणीचा असणार. त्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद मला स्पष्ट दिसला, आणि त्या आनंदाचाही मला राग आला.

मी मागचं झाकण हातात धरून विचारलं, "काका, सगळ्यांना माझा हात लागलाय. आणि एकदोघांवर बोलताना थुंकीही उडाली असेल. परत घासायचे असतील तर आत्ताच काढून देते. काढू, का आत राहू देऊ?"

मुलाने कॅमेरा खाली घेतला. "कमॉन..." एवढंच म्हणाला.

घरमालक रेडिओकडे पाहत होते. रेडिओ वाजत ठेवायचा असेल तर माझा हात लागलेलाच वाजणार होता, आणि शुद्ध हवा असेल तर मुका. दुसरा मार्ग नव्हता, आणि हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

"राहू द्या," ते शेवटी म्हणाले.

माझ्या छातीतलं ओझं उतरलं. खरंच उतरलं. मूर्खासारखं मला वाटलं की हे दोन शब्द सगळ्यालाच धरून आहेत. पण खात्री करून घ्यायला हवी होती, म्हणून मी झाकणाचे स्क्रू पिळले आणि उभी राहिले.

"आणि मी, काका? मी राहू परीक्षेपर्यंत?"

मी मुलाकडे पाहिलं. तो कॅमेऱ्याचं कसलंतरी बटण दाबून बघत होता, मान वर न करता. काकू आत गेल्या. घरमालक खुर्चीतून उठले, सावकाश रेडिओपाशी आले, माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि आवाज मोठा केला. बातम्या सांगणारा माणूस दिवाणखानाभर बोलू लागला. अक्षर न् अक्षर स्वच्छ ऐकू येत होतं. काम मी उत्तम केलं होतं.